टेप डिस्कवर मावत नसेल तर मोठा नोड मागू नका

तुम्ही लिहिलेली अडचण अशी: भूजलाचं सी++ मॉडेल, त्यावर ॲडॉल-सी (प्रोग्रॅममधून आपोआप डेरिव्हेटिव्ह काढणारी लायब्ररी). २०० टाइमस्टेपला ग्रेडियंट नीट येतो, १०,००० केल्या की डिस्कचा कोटा संपून रन पडतो, आणि गाइड म्हणतात मोठ्या मेमरीचा नोड (क्लस्टरमधला संगणक) मागा. अगदी हेच मी भोगलंय, म्हणून कळकळीने सांगतो: त्या नोडच्या मागे लागू नका.

रिव्हर्स मोडमध्ये पुढे जाताना प्रत्येक क्रियेची नोंद, म्हणजे टेप, ठेवून मग ती उलटी वाचत ग्रेडियंट काढतात; त्याचं जास्त सांगत नाही. हिशेब तेवढा बघा. तुमची ग्रिड १००० × १००० ची, डबल प्रिसिजन, म्हणजे एका स्टेपची नुसती स्टेट (ग्रिडवरच्या सगळ्या किमती) ८ एमबी. १०,००० स्टेपच्या ८० जीबी. टेपमध्ये तर प्रत्येक गुणाकार-बेरजेची नोंद असते, ती याच्या कितीतरी पट.

आमच्या संगणन केंद्राच्या फॉर्मवर ‘किती मेमरी हवी’ एवढाच रकाना होता. कशासाठी, हे कोणी विचारलंच नाही. अख्खा पावसाळा रांगेत गेला. नोड मिळाला, तरी रन तिथेच पडला. ॲडॉल-सीचे बफर (टेपसाठी रॅममधली राखीव जागा) .ॲडॉलसीआरसी फाइलमध्ये ठरतात. ते भरले की रॅम कितीही मोकळी असो, टेप चालू डिरेक्टरीत .टॅप फाइलींत उतरते. आमची ती डिरेक्टरी नेटवर्कवरच्या होममध्ये होती. फाइली फुगत होत्या, रॅम रिकामी पडून होती. केंद्राचं उत्तर काय, तर ‘आणखी मोठ्या नोडसाठी अर्ज करा’. याचा राग अजून गेलेला नाही.

खरा उपाय चेकपॉइंटिंग: मोजक्याच स्टेपची स्टेट (स्नॅपशॉट) जपायची आणि मधल्या स्टेप लागतील तेव्हा पुन्हा चालवायच्या. त्यासाठी ग्रीवांक आणि वाल्थर यांचा ‘रिव्हॉल्व्ह’ हा अल्गोरिदम (२०००) वापरा. २० स्नॅपशॉट, म्हणजे १६० एमबी, ठेवले तर टेप करण्याआधी कुठलीही स्टेप जास्तीत जास्त ४ वेळा पुन्हा चालवावी लागते. तेवढ्यात १०,६२६ स्टेप बसतात. टेप एका वेळी एकाच स्टेपची. वेळ वाढतो, पण रन पुरा होतो. माझ्या मते हा सौदा डोळे झाकून करावा.

अर्थात तुमचा टाइमस्टेप ॲडॅप्टिव्ह (चालताना लहान-मोठा होणारा) असेल तर एकूण स्टेप आधी माहीत नसतात, मग साधा रिव्हॉल्व्ह चालणार नाही.

आणखी एक. लिनिअर सॉल्व्हरची इटरेशन्स टेप करू नका. उलट्या फेरीत ट्रान्सपोज मॅट्रिक्सची सिस्टिम सोडवा, टेप तिथेच खूप आटते. टेपच्या फाइली लोकल स्क्रॅचवरच (नोडच्या स्वतःच्या तात्पुरत्या डिस्कवर) ठेवा.

आधी २०० स्टेपवर पूर्ण टेपचा आणि चेकपॉइंटचा ग्रेडियंट ताडून बघा. शेवटच्या एक-दोन अंकांपलीकडे फरक आला, तर बहुतेक वेळा स्नॅपशॉटमध्ये एखादं व्हेरिएबल घ्यायचं राहिलेलं असतं.