फ्रेंच बॉक्सिंग म्हणजे किकबॉक्सिंगच का?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच बॉक्सिंग हे किकबॉक्सिंगचंच दुसरं नाव आहे का. नाही. सगळा फरक पायातल्या बुटाने पडतो.

फ्रान्समधल्या ल्योंला शिकायला होतो तेव्हा दोन वर्षं तिथल्या एका क्लबात मी हा खेळ शिकलो. तिथे त्याला सावात म्हणतात, म्हणजे झिजलेला जोडा. त्याआधी पुण्यात किकबॉक्सिंग केलं होतं. पहिल्याच दिवशी सवयीने नडगी मारली आणि सरांनी सराव थांबवला. इथे लाथ फक्त पावलाने मारायची: टाच, तळवा, चवडा किंवा बुटाची कड. नडगी बाद, गुडघा बाद. त्यामुळे अंतराला फार किंमत येते. नडगीने मारणारा थोडा जवळ सरकला तरी त्याचं भागतं. इथे वीतभर चुकलं की लाथ वाया. म्हणून आधी गुडघा उंच घेतात आणि मग पाय सोडतात. चाबकासारखी फिरणारी ती फुएते, सरळ रेटून जाणारी ती शासे. फुएते मला काही महिन्यांत जमली. शासे अजून मनासारखी बसत नाही.

मूळ खेळ पॅरिसच्या गल्लीबोळांतला: खालच्या लाथा आणि उघड्या हाताच्या चपराका. मिशेल कासो याने 1825 मध्ये तो तालमीत आणला. त्याचा शिष्य शार्ल लकूर 1830 च्या दशकात ओवेन स्विफ्ट या इंग्रज मुष्टियोद्ध्याकडून हरला. पाय तयार होते, हात नव्हते. मग त्याने इंग्रजांकडूनच ठोसे शिकून ते आपल्या लाथांना जोडले. माझ्या मते फ्रेंच बॉक्सिंग जन्मलं ते या हारीतून. पुढे जोझेफ शार्लमों याने त्याला शिस्तशीर पद्धत दिली. त्याचा मुलगा शार्ल 1899 मध्ये पॅरिसला इंग्रज बॉक्सर जेरी ड्रिस्कॉलशी लढला आणि जिंकला, पण शेवटची लाथ जांघेत बसली अशी इंग्रजांची तक्रार राहिलीच.

जॉर्ज कार्पांतिए माझा सगळ्यात आवडता. खाणकामगारांच्या लांस भागातला हा पोरगा आधी सावात शिकला, मग नुसत्या ठोशांच्या बॉक्सिंगकडे वळला आणि 1920 मध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. 1921 मध्ये हेवीवेटचा जगज्जेता जॅक डेम्प्सीने त्याला चौथ्या फेरीत पाडलं, पण त्या लढतीची तिकीटविक्री 10 लाख डॉलरच्या वर गेली. बॉक्सिंगमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. अशा यशामुळे तरुण पोरं ठोशांकडे गेली, शिवाय पहिल्या महायुद्धात सावातचे कितीतरी खेळाडू मारले गेले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सावात दिसलं ते फक्त प्रदर्शनीय खेळ म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं, त्यात सावातपटू पिएर बारुझी यांचा वाटा मोठा आहे.

शिकायचं असेल तर आधी ‘आसो’ या प्रकारात उतरा. त्यात नेमक्या, हलक्या स्पर्शाला गुण मिळतात आणि जोरात मारलं तर पंच टोकतात. किकबॉक्सिंगमधून येणाऱ्याची नडगीची सवय तिथेच सुटते.