पुरवठादारांशी मिळून काम केल्याने कारखान्यातलं नवीन उत्पादन खरंच लवकर आणि चांगलं तयार होतं का?

होतं. पण तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात 'सप्लाय चेनमधील सहकार्य' असं जे गुळगुळीत लिहिलंय, ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर कुडाळ एमआयडीसीतली आमची शेड आली आणि आकडी आल्यासारख्या वाकड्या होत पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बाटल्या आल्या. त्यामुळे उत्तर लांबणार. एमबीएच्या प्रोजेक्टसाठी विचारलं असेल तर थेट शेवटाकडे जा, मधलं मी माझ्यासाठी लिहितोय.

मी आधी चाकणला एका व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत चार वर्षं होतो. गाड्यांचे ब्रॅकेट करायचो. साखळीच्या शेपटाला असलेल्या माणसाला काय दिसतं ते तिथे कळलं. आमच्यापर्यंत ड्रॉइंग यायचं तेव्हा वरती सगळं ठरून गेलेलं असायचं. एकदा एका बेंडची त्रिज्या अशी दिली होती की पत्रा तिथे तडकणारच, हे आमच्या प्रेसवरच्या हेल्परलाही दिसत होतं. कळवलं. उत्तर आलं, 'ड्रॉइंगप्रमाणे करा.' तीन महिन्यांनी तोच बेंड बदललेलं सुधारित ड्रॉइंग आलं, टूल पुन्हा करावं लागलं आणि वर उशीर झाला म्हणून डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचं पत्र, आम्हालाच. तेव्हाच ठरवलं होतं की आपण कधी माल घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलो तर असं वागायचं नाही.

आणि मग गावी येऊन मी तेच केलं.

आमच्या काकांचा कोकमाचा धंदा जुना. आगळ, आमसुलं, अमृत कोकम. मी आल्यावर डोक्यात घेतलं की २०० मिलिची, थेट पिता येईल अशी सरबताची बाटली काढायची. मे महिन्यात चाकरमानी येतात, पर्यटक येतात, गाडीत बसल्या बसल्या प्यायला हवं. त्यांना अर्क, पाणी, चमचा असला खटाटोप नको. काका तयार झाले, पण एका अटीवर. प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही. ही अट मला मनापासून आवडली होती, हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे हॉट फिल आलं. ८५ अंशांच्या वर सरबत भरायचं, त्याच्याच उष्णतेने बाटली आणि झाकण आतून निर्जंतुक होतं. कोकम मुळातच एवढं आंबट की तेवढं पुरतं. पण साधी पेट प्लास्टिकची बाटली ७५ अंशांच्या आसपासच नरम पडते. गरम भरायची बाटली वेगळी असते. ती तापलेल्या साच्यात फुगवून 'हीट सेट' करतात. सरबत गार होताना आत निर्वात तयार होतो, तो सामावून घ्यायला तिच्या अंगावर खोलगट पट्टे असतात. आणि अशा बऱ्याच बाटल्यांची मान दुधासारखी पांढरट असते. तो डाग नव्हे. आट्यांचा भाग गरम सरबताने वाकू नये म्हणून मुद्दाम तापवून घट्ट केलेला असतो.

हे आज मी पोपटासारखं बोलतो. तेव्हा यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, पत्र्यातला माणूस मी.

बाटलीवाला वसईकडचा. काकांनी फोन लावला. 'सरबताची बाटली पाहिजे, दोनशेची.' त्याने विचारलं, काय भरणार, किती तापमानाला भरणार? काका म्हणाले, 'ते आमचं आम्ही बघू, तुम्ही बाटली द्या.' काकांचा जन्माचा सिद्धांत असा की बाटलीवाला दहाजणांना माल देतो, आज त्याला प्रोसेस कळली की उद्या ती सावंतवाडीपर्यंत पोचणार. मी समोरच बसलो होतो. गप्प बसलो.

त्याने नमुन्याला वीस बाटल्या पाठवल्या. कुठल्या तरी ज्यूसवाल्यासाठी बनवलेल्या, कपाटातल्या. आम्ही गरम सरबत भरलं, एकही हलली नाही. काकांनी देवापुढे नारळ ठेवला. मी चाकणच्या ऐटीत सॅम्पल रिपोर्ट लिहिला: आकार ठीक, झाकण ठीक, 'मान पांढरट आहे, पूर्ण पारदर्शक हवी.' ही ओळ माझी, माझ्या अक्षरातली. मग काकांनी घासाघीस करून बाटलीमागे सव्वा रुपया कमी केला.

आता बाटलीवाल्याच्या बाजूने बघा. गिऱ्हाईक तापमान सांगत नाही, पांढरी मान नको म्हणतं, भाव पाडतं. त्याने काय समजायचं? की हे लोक प्रिझर्व्हेटिव्ह घालून गार भरणारे. त्याने तोच आकार साध्या ग्रेडमध्ये करून दिला. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

१८,००० बाटल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आल्या. रिकाम्या बाटल्यांची गाडी म्हणजे बहुतेक हवाच, भाडं मात्र पूर्ण गाडीचं. भरायला सुरुवात केली. पहिल्या पाच-सहा बाटल्या बाहेर आल्या त्या जरा बसक्या वाटल्या. मग एकीची मान कलली, पुढचीचं पोट आत गेलं, काही उभ्याच राहीनात. झाकणाच्या मशिनवर बायका होत्या, त्या आधी हसायला लागल्या आणि काका आलेले बघून गप्प झाल्या. मी मशिन बंद केलं. कोणीच काही बोललं नाही, सरबताची वाफ तेवढी येत होती.

फोनवर बाटलीवाला एवढंच म्हणाला, 'साहेब, गरम भरता हे आधी बोलायचं ना. आणि पांढरी मान तुम्हीच नको म्हणालात.'

नवीन बाटल्या मिळायला मेअखेर झाली, कारण त्याच्या मशिनवर दुसऱ्यांचे साचे लागलेले. चाकरमानी परतले, पाऊस आला. आमच्याकडे एक महिना उशीर म्हणजे एक वर्ष उशीर. हे पुस्तकातल्या 'टाइम टू मार्केट' (माल बाजारात यायला लागणारा वेळ) या शब्दातून कळत नाही, त्यासाठी मृगात गोडाऊनमध्ये भरलेल्या पेट्या बघाव्या लागतात.

तेव्हापासून घरात प्रत्येक लग्नात, बारशाला, गणपतीत काका सांगतात की पुतण्याने बाटलीची मान नको म्हटली म्हणून नुकसान झालं. खरं आहे. पण मान पांढरी का, हे सांगायची संधी त्या माणसाला दिली कोणी? 'नव्वदला भरतोय' एवढे दोन शब्द बोललो असतो, तर माझ्या रिपोर्टवर त्याने हसून फोन केला असता. गुपित तरी कसलं? ज्या फॉर्म्युल्यासाठी हा सगळा पडदा, त्यातले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लेबलवर छापावेच लागतात, कायद्याने.

पुढच्या वर्षी मी बाटलीवाल्याच्या मशिनवर काम करणारा माणूस बोलावून घेतला. सेल्सवाला नव्हे, हे महत्त्वाचं. तो कोकण रेल्वेने सकाळी कुडाळला उतरला, चहा घेतला आणि दिवसभर फिलरशेजारी, म्हणजे बाटल्या भरायच्या मशिनशेजारी, उभा राहिला. काका त्या दिवशी बँकेत गेले आणि संध्याकाळपर्यंत बँकेतच होते. त्या माणसाने सांगितलं की झाकण लावल्यावर बाटली अर्धा मिनिट आडवी करा, म्हणजे गरम सरबत झाकणाला लागेल. मग विचारलं, 'गार कशाने करता?' आम्ही पंख्याखाली ठेवत होतो. तो म्हणाला, लगेच पाण्याचा फवारा द्या. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने उतरतो, आणि आमच्या बाटल्या तासभर गरम राहत होत्या. आम्ही मात्र रंग विटकरी झाला की खापर रतांब्यांवर, म्हणजे कोकमाच्या फळांवर, फोडायचो.

रतांब्यांचंही थोडं होतंच. ते कळलं वालावलच्या बाजूच्या एका आजींकडून, ज्यांच्याकडून काका कित्येक वर्षं फळ घेतात. 'पावसात भिजलेला फळ वायला ठेवूक होया,' त्या म्हणाल्या. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? 'माका कोणी इचारूकच नाय.' आता आम्ही पावसाआधीचं फळ सरबताला घेतो, नंतरचं आमसुलांना. दोन बागायतदारांशी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'ची कलमं लावण्याबद्दल बोलणं चालू आहे. बियांपासून वाढलेल्या झाडांत निम्मी नर, म्हणजे फळ न देणारी, निघतात आणि ते कळेपर्यंत वर्षं जातात. पण कलमं लावायची तर फळ आम्हीच घेऊ असा शब्द त्यांना हवाय. तो शब्द काका देत नाहीत. असो.

आता तुमचा प्रश्न. परिणाम होतो, आणि तो मुख्यतः 'कधी सांगितलं' यावर ठरतो. स्पेक, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी ते, पक्कं व्हायच्या आधी पुरवठादाराला बोलावलं तर वेळ वाचतो. पक्कं झाल्यावर बोलावलं तर ते सहकार्य नसून नुसती ऑर्डर असते, मग वर्षाला कितीही व्हेंडर मीट घ्या आणि शाली द्या. दुसरं म्हणजे परचेसवाल्याचं वार्षिक टार्गेट 'भाव किती पाडला' हेच असेल, तर नवीन उत्पादनाचं बोलणं त्याच्या हातात देऊ नका. आमचा सव्वा रुपया आठवा.

उलट बाजूही लिहितो, नाहीतर कोणी तरी कमेंटमध्ये लिहीलच. सगळं पुरवठादारावर सोपवणं म्हणजे सहकार्य नव्हे. बोइंगने ७८७ विमानाचे मोठे भाग जपान-इटलीतल्या भागीदारांना बनवायलाच नव्हे, आखायलाही दिले. पहिलं विमान मे २००८ मध्ये द्यायचं ठरलं होतं, दिलं सप्टेंबर २०११ मध्ये. नॅनो या स्वस्त गाडीत टाटांनी पुरवठादारांना अगदी सुरुवातीपासून सोबत घेतलं होतं, किंमत खाली आणण्यात त्यांचा मोठा हात होता. पण गाडी अपेक्षेएवढी खपली नाही. पुरवठादार कितीही जिवलग असला तरी गिऱ्हाईकाच्या मनातलं तो सांगू शकत नाही.

आणि एक कबुली. त्याच बाटलीवाल्याने दोन वर्षांनी आमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या सरबतवाल्याला तीच बाटली दिली, पाण्याच्या फवाऱ्याच्या सल्ल्यासकट. काकांनी मला ती दुकानातून आणून टेबलावर ठेवून दाखवली, काही न बोलता. त्यामुळे गोपनीयतेचा करार आधी करा, आणि साखर-मिठाचं नेमकं प्रमाण बाटलीवाल्याला लागतच नाही, ते तुमच्याकडेच ठेवा. तापमान, आंबटपणा, किती दिवस टिकवायचं, गाडी कुठपर्यंत जाणार, एवढं मात्र पहिल्या फोनवर सांगा.

प्रोजेक्टसाठी कंपन्या बघणार असाल तर ऑफिसात बसून प्रश्नावली भरून घेऊ नका, मशिनवरच्या माणसाला भेटा. कुडाळला आलात तर आमच्याकडेही या, सरबत पाजतो. काकांच्या टेबलावर एक वाकडी बाटली आहे, तिच्यात ते पेनं ठेवतात. तिच्याबद्दल त्यांना विचारायचं असेल तर मी बाहेर गेल्यावर विचारा.