‘डिकी’ आणि ‘रंबल सीट’

एका वाचकांनी विचारले आहे : ‘ड्यूसेनबर्ग या जुन्या अमेरिकी मोटारीच्या वर्णनात “रंबल सीट, म्हणजे डिकीतील बैठक” असे वाचले. डिकीत सामान ठेवतात, तेथे माणसे कशी बसणार? हे भाषांतर चुकले आहे का? आणि डिकी हा शब्द मुळात आला कोठून?’

भाषांतर अगदी बरोबर आहे. डिकी ही आधी बसण्याचीच जागा होती, सामान तेथे मागाहून आले. इंग्लंडमध्ये घोडागाड्यांच्या काळात गाडीवानाच्या बाहेरच्या बैठकीला ‘डिकी’ म्हणत आणि गाडीच्या पाठीमागे नोकरांसाठी असलेल्या उघड्या बैठकीलाही तेच नाव होते. त्या मागच्या जागेला दुसरे नाव होते ‘रंबल’. या इंग्रजी शब्दाचा अर्थ गडगडणे असा असून तेथे नोकर बसत किंवा सामान ठेवले जाई. पुढे मोटारी आल्यावर दोन माणसांच्या गाडीमागे घडीची जादा बैठक करू लागले, तेव्हा ब्रिटिशांनी तिला ‘डिकी सीट’ म्हटले आणि अमेरिकनांनी ‘रंबल सीट’. वस्तू एकच, नावे मात्र दोन.

आता ड्यूसेनबर्गकडे वळू. तिचे ‘मॉडेल जे’ १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रथम मांडले गेले. आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे आणि नुसत्या चासीची, म्हणजे बॉडीविना इंजिनासह सांगाड्याची, किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती. त्यावरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारखान्याकडून बांधून घ्यायची, असा रिवाज होता. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील मर्फी कंपनीने या चासीवर सर्वांत जास्त बॉड्या बांधल्या. तिच्या कन्व्हर्टिबल कूपेमध्ये, म्हणजे टप मिटवता येणाऱ्या दोन माणसांच्या गाडीत, कापडी टप मिटून पुढच्या बैठकीमागे धातूच्या झाकणाखाली पूर्ण नाहीसा होत असे आणि त्याच्याही मागे, गाडीच्या उतरत्या पाठीत, ही रंबल सीट असे.

या प्रकारच्या बैठकीची रचना नीट पाहिली की शब्दाचा प्रवासही उलगडतो. गाडीच्या पाठीवरच्या झाकणाची बिजागरी खालच्या कडेला असे. मूठ फिरवून झाकण वरच्या कडेने मागे ओढले की त्याची आतली, गादी लावलेली बाजू पाठ टेकायला मिळे. दार नसल्यामुळे मागच्या बंपरवर आणि मडगार्डवर बसवलेल्या लहान पायऱ्यांवर पाय देऊन आत उतरावे लागे. पुढची दोन माणसे टपाखाली असत, मागच्यांना मात्र ऊन, पाऊस आणि धूळ सगळे सोसावे लागे. माणसे नसतील तेव्हा झाकण लावून त्या पोकळीत सामान ठेवता येई. केवळ सामानासाठीच कप्पा केला, तर बिजागरी वरच्या कडेला नेली की काम भागे. म्हणून जुन्या गाडीचे छायाचित्र पाहताना मूठ आणि बिजागरी कोणत्या कडेला आहेत ते आधी पाहावे, आतली जागा माणसांची की सामानाची हे बहुधा त्यावरून कळते.

बंद गाड्यांची चलती झाली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस या बैठका मागे पडल्या. सामानाच्या कप्प्याला ब्रिटिशांनी घोडागाडीतलाच ‘बूट’ हा दुसरा शब्द लावला. अमेरिकनांनी ‘ट्रंक’ म्हटले, कारण त्यांच्या मोठ्या गाड्यांच्या मागे जाळीवर खरोखरीची ट्रंक पट्ट्यांनी बांधलेली असे, आपल्याकडे माळ्यावर असते तशीच पेटी. आपल्याकडे मात्र बैठक गेली तरी तिचे नाव त्या जागेला चिकटून राहिले आणि हिंदीत त्याचे ‘डिग्गी’ही झाले. मोटारीचे आपले बहुतेक शब्द ब्रिटिश वळणाचे आहेत. आपण बॉनेट आणि मडगार्ड म्हणतो, अमेरिकनांसारखे हूड आणि फेंडर म्हणत नाही. ‘स्टेपनी’ हे तर वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडलेले नाव. (ड्यूसेनबर्गच्या पुष्कळ गाड्यांत स्टेपनी डिकीत नसे, पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या खोबणीत एकेक उभी बसवलेली असे.)

तेव्हा ‘डिकी’ला अशुद्ध किंवा अडाणी इंग्रजी समजून तेथे ‘बूट’ लिहिण्याचा अलीकडचा आग्रह मला मुळीच पटत नाही. तो आपल्याकडे रुळलेला, सर्वांना कळणारा शब्द आहे आणि त्याची परंपरा ‘बूट’इतकीच जुन्या घोडागाड्यांपर्यंत जाते. ‘रंबल सीट’साठी मी ‘डिकी सीट’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘गाडीच्या पाठीत मिटणारी उघडी बैठक’ एवढा खुलासा जोडीन. ‘डिकीतील बैठक’ चूक नाही, पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने बंद कप्पा उभा राहतो, जसा तो प्रश्नकर्त्यांच्या डोळ्यांपुढे राहिला. ‘सामानकक्षातील आसन’ हा पर्याय मात्र टाळावा, कारण मोटारीतली ही बैठक मुळात सामानासाठी नव्हतीच.