फायली दिसतात, चित्रपट लागत नाही

प्रश्न : नव्या संगणकावर विंडोज १० आहे आणि यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडलाय. डिस्कवरच्या फायली दिसतात, पण चित्रपट काही लागत नाही. ड्राइव्ह बदलून आणू का?

उत्तर : नको, फायली दिसतात म्हणजे ड्राइव्ह डिस्क वाचतोय. डीव्हीडीवरचं चित्र सहसा एमपेग-२ या पद्धतीने दाबून लहान केलेलं असतं. ते उलगडून दाखवायची सोय विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये होती. विंडोज ८ पासून मीडिया प्लेयरमधली ती सोयच गेली. व्हीएलसी हा फुकट प्लेयर घ्या, मात्र त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. तो उघडून कंट्रोल आणि डी एकदम दाबा, ‘डीव्हीडी’ निवडा, ड्राइव्हचं अक्षर बरोबर आहे ना ते बघा आणि ‘प्ले’ दाबा. मेनूपाशीच गाडी अडली, तर ‘नो डिस्क मेनूज’वर खूण करा.

नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठवलेली डिस्क बहुधा रीजन १ ची असते, आपला रीजन ५ (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे त्याचा क्रमांक). ड्राइव्हचा रीजन ५ वेळाच बदलता येतो, मग शेवटचा कायमचा चिकटतो. तेव्हा हौसेने बदलत बसू नका, आधी व्हीएलसीत लावून पाहा.

चित्र अडखळत असेल, तर डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका; गोल ओरखडा डेटाच्या रेषेतच जातो. ड्राइव्हची वायर हबमध्ये (एकाच्या अनेक यूएसबी जागा करणाऱ्या डबीत) नको, थेट संगणकात लावा. वीज कमी पडली की तो मध्येच बंद पडतो.