मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालंय, आता प्रॉडक्ट डिझाइनला जायचं तर एकच फील्ड पकडावं का चार ठिकाणी हात घालावा?

बिनधास्त घाला. पॅट्रिशिया मूरचं करिअर बघा. बाई न्यूयॉर्कला नावाजलेल्या डिझायनर रेमंड लोवीच्या ऑफिसात इंडस्ट्रियल डिझायनर होती, तिथे फ्रीजच्या दाराचं काम चाललेलं, हिने विचारलं की संधिवातवाल्यांनाही उघडता येईल असं करता येईल का, तर म्हणे आपण तसल्या लोकांसाठी डिझाइन करत नाही. झालं! 1979 ला, ऐन विशीत, टीव्हीच्या मेकअपवालीकडून म्हातारीचा चेहरा करून घेतला, धूसर दिसणारा चष्मा, कानात बोळे, सांधे आखडावेत म्हणून पट्ट्या, आणि असा अवतार करून 1982 पर्यंत अमेरिका-कॅनडातली शंभरावर शहरं फिरली, बसमध्ये चढायला काय त्रास होतो, जड दार कसं ढकलत नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बघितलं. जोडीला बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) आणि वार्धक्यशास्त्र पण शिकली.

पुढे 1990 ला ऑक्सो कंपनीचा तो जाड काळ्या रबरी मुठीचा भाजी सोलायचा पीलर आला त्यातही तिचा हात होता. ऑक्सोचा संस्थापक सॅम फार्बर, त्याच्या बायकोला संधिवात, साधा पीलर धरवेना, तिथून सुरुवात. गंमत म्हणजे धडधाकट लोकांनीच तो जास्त उचलला.

म्हणजे आधी माणूस कुठे अडतोय ते बघायचं, स्केच नंतर (आपल्याकडे बरेच जण थेट सॉफ्टवेअर उघडतात, असो).

तुमचं मेकॅनिकल वाया जात नाही हो, सीईईडी (डिझाइनची प्रवेश परीक्षा) द्या, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन स्कूलमध्ये, एम.डेस.ला (डिझाइनमधली मास्टर्स) इंजिनिअर घेतात.