"नसा कमजोर झाल्या, एखादं टॉनिक सांगा"

नागपूरच्या नंदनवन भागात ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन समुपदेशनाला आल्या. वय ४३. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मी काही पागल नाही आहो, मॅडम," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "नसा कमजोर झाल्या माझ्या, एखादं चांगलं टॉनिक सांगा." डोकं दीड वर्षापासून दुखत होतं. शेजारणीनं त्याला 'न्यूराल्जिया' ठरवलं होतं आणि औषधाच्या दुकानातून लाल टॉनिक आलं होतं. पहिली बाटली लागू पडली, तिसरी नाही.

न्यूराल्जिया म्हणजे मज्जातंतूचं दुखणं, आणि त्याची तऱ्हाच वेगळी असते. चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं बहुधा एकाच बाजूला, गालात किंवा जबड्यात उठतं. विजेचा झटका बसावा तशी कळ येते, ती काही सेकंद, फार तर दोन मिनिटं टिकते. दात घासताना, घास चावताना, कूलरचा वारा गालाला लागला तरी येते. हे बहुतेक पन्नाशीनंतर सुरू होतं, आणि दाताचं समजून चांगल्या दाढा काढून घेतलेले लोक भेटतात. त्यावर कार्बामाझेपिनसारखं औषध न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली लागतं. ते सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका" सांगणं निव्वळ अन्याय आहे.

ताईंचं तसं नव्हतं. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना, दुपारी चारनंतर वाढणारं. मळमळ नाही, जिना चढल्यानं वाढत नाही. अर्धशिशीत ठणका असतो, उजेड सोसत नाही, माणूस अंधारात पडून राहतो. त्या तर दुखत असतानाही मशीनवर बसत. डॉक्टरांनी तपासून ताणाची डोकेदुखी लिहिली होती. सोबत एक गोष्ट लाल शाईनं: महिन्यातून १८ ते २० दिवस वेदनाशामक गोळी, तीही कॅफिन मिसळलेली.

खरी ग्यानबाची मेख इथे होती. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळीचा असर उतरला की दुखतं, दुखतं म्हणून पुन्हा गोळी. त्यात दिवसाला सात कप चहा आणि सकाळी ११ पर्यंत पोटात काही नाही.

मग टॉनिक आधी लागू कसं पडलं? माणूस बाटली आणतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरतंच, श्रेय बाटलीला जातं. भूक वाढवणाऱ्या काही टॉनिकांत सायप्रोहेप्टाडिन असतं, त्यानं झोप येते आणि झोपेनं डोकं हलकं होतं. जुन्या काळच्या 'नर्व्ह टॉनिक'मध्ये दारूचा अंश आणि कुचल्याचा अर्कही असे. कुचला म्हणजे आपल्याकडचा काजरा, विषारीच. आजच्या बाटल्यांत मुख्यतः बी जीवनसत्त्वं असतात. बी-१२ खरंच कमी असेल तर तळपायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते. ते रक्त तपासून कळतं आणि डॉक्टर त्याचा नेमका डोस देतात. उलट बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर तेच नसा बिघडवतं. लेबल वाचायला हवं ते एवढ्यासाठी.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद केल्या. बंद केल्यावर २ ते १० दिवस दुखणं वाढतं, हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी गोळी घेतोच. म्हणून लग्नसराई आणि मे महिन्याचं ऊन टाळून पावसाळ्यातला आठवडा ठरवला. चहा एकदम सोडला नाही, कारण कॅफिन तुटल्यानंही डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी, दोनवर थांबायचं. डॉक्टरांनी रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन (मुळात नैराश्यावरचं औषध) दिलं होतं. "ही पागलपणाची गोळी आहे ना?" म्हणून ते डब्यातच पडलेलं! डोकेदुखीसाठी ते कमी मात्रेत देतात, गुण यायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते. एवढं समजल्यावर त्यांनी सुरू केलं.

व्यायाम स्नायू सैल सोडण्याचा: मूठ, खांदे, कपाळ, जबडा, एकेक भाग ५ सेकंद आवळायचा, १५ सेकंद सोडायचा, रोज दोनदा. लोक चुकतात ते दोन ठिकाणी: आवळताना श्वास कोंडतात, आणि दुखायला लागल्यावरच करतात. दुखत नसताना केला तरच अंगवळणी पडतो. जबड्यासाठी एक साधी खूण: ओठ मिटलेले, दात सुटे. सुई ओवताना ताई दातावर दात दाबून बसत. जवळचा चष्मा लागला होता, तोही करून घेतला.

दुखण्याची नोंद ठेवायला दिलेल्या वहीत मात्र वेगळंच निघालं. वेळ, दुखणं ० ते १० मध्ये, झोप, जेवण, गोळी, आणि आधीच्या दोन तासांत काय झालं, असे रकाने महिनाभर भरले. सातच्या वरचे आकडे जवळपास सगळे शुक्रवार-शनिवारचे. "उद्या देते" म्हणून कबूल केलेले ब्लाउज, आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती, कारण भिशीचा हप्ता त्यावरच. नसांना दोष देणं सोपं, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं अवघड. त्यांनी एक वाक्य पाठ केलं: "शनिवारी नाही होणार बाई, मंगळवारी पक्कं देते." पहिल्यांदा म्हणताना आवाज फुटेना. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची मंगळवारी आली.

तिसऱ्या महिन्यात दुखण्याचे दिवस सहावर आले. टॉनिक सोडायला त्या तयार नाहीत. लेबल तपासलं, बी-६ ची मात्रा किरकोळ आहे, टॉनिकातल्या साखरेनं बिघडावं असा मधुमेहही नाही, तेव्हा आग्रह धरला नाही. वहीत मात्र एक ताकीद आम्ही लिहून दिली आहे: अचानक वीज कोसळल्यासारखं डोकं दुखलं, तापासोबत मान अवघडली, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा नजर अंधुक झाली, तर समुपदेशनाची वेळ न बघता थेट मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जायचं.