सोशल मीडियामुळे लोकशाहीत सामान्य माणसाचा सहभाग खरंच वाढतो का?

व्हॉट्सॲप-फेसबुकमुळे माणूस कारभारात भाग घेतो की नुसती बडबड वाढते, असं तुम्ही विचारलंय. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, त्यामुळे गावापुरतं सांगतो. सहभाग वाढतो, पण मोबाईलवरचं बोलणं ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरलं तरच.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, सात दिवस आधी नोटीस देऊन. ती लागते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. सोयाबीनच्या राशी चालू असताना तिकडं कोण फिरकणार? मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातले जे कमी तेवढे हजर नसले की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला पुन्हा कोरमची अटच नाही! मग चार डोकी बसून अख्ख्या गावाच्या नावानं ठराव करतात. म्हणून नोटिशीचा फोटो विषयपत्रिकेसकट ग्रुपवर टाका, आदल्या रात्री परत टाका. माझ्या मते व्हॉट्सॲपचा यापेक्षा मोठा उपयोग नाही.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा विकास आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो. आमच्या गावात एका पोरानं तिथली नालीच्या बिलाची नोंद ग्रुपवर टाकली. त्या गल्लीतल्या एकानं लगेच खाली दारासमोरच्या चिखलाचा फोटो डकवला. रात्रभर लोक तावातावानं लिहीत होते. पुढच्या दोन दिवसांत लग्नपत्रिका आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली सगळं गाडलं गेलं. कागद हलला तो माहिती अधिकाराचा अर्ज गेल्यावर. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, नक्कल हातात आली, तेव्हा भर ग्रामसभेत प्रश्न विचारता आला आणि "हे इतिवृत्तात लिहा" असं ठणकावून सांगता आलं.

बायांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो पुरुषाच्या खिशात. टँकरपाशी घागरी घेऊन उभी राहणारी बाई पाण्याच्या चर्चेत नसतेच. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, तिचा निरोप बचत गटाच्या ग्रुपवर बोलून पाठवा. वाचता न येणारीलाही तो ऐकता येतो.

ग्रुप काढणार असाल तर गावातल्या दोन्ही पार्ट्यांचा एकेक माणूस ॲडमिन ठेवा. एकाच पार्टीचे ॲडमिन असले की अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला पहिल्यांदा बाहेर काढतात.